जंतू आढळले नाहीत

सीएसएफच्या रिपोर्टवर मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य हे: जंतू आढळले नाहीत. माझी सगळी नोकरी भंडारा जिल्ह्यात झाली, आधी तालुक्याच्या गावी, मग मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. थुंकी, मलेरियाच्या स्लाईडी, सिकलसेलच्या तपासण्या, लघवी, साखर, हे सगळं हातातून जात राहिलं. त्यातल्या कशाचाही रिपोर्ट लिहिताना पेन थांबलं नाही. मेंदूज्वराच्या शंकेने मणक्यातून काढलेल्या पाण्याचा, म्हणजे सीएसएफचा, रिपोर्ट लिहिताना मात्र थांबायचं. वाचणारा त्यातून काय घेणार, हे मला ठाऊक असायचं. नातेवाईक म्हणणार, रोग निघाला नाही. घाईतला नवखा डॉक्टरही कधी तेच समजणार. मी तर तसं म्हटलेलंच नसे. मला दिसलं नाही, एवढीच माझी साक्ष होती.

न दिसण्यावरून नसण्यापर्यंत जाण्याचा अधिकार माणसाला केव्हा मिळतो? हा प्रश्न मला सूक्ष्मदर्शकाजवळ पडला. तो धर्माचा प्रश्न आहे हे कळायला मात्र निवृत्ती यावी लागली, आणि पवनी गावच्या बौद्ध विहारातल्या संध्याकाळच्या बैठका. देव, आत्मा, पुनर्जन्म, भूतबाधा यांच्यावरचे आपले सगळे वाद शेवटी याच एका जागी येऊन अडतात. म्हणून माझ्या कामाच्या वाटेनेच या प्रश्नाकडे जाते. दुसरी वाट मला येत नाही.

ते पाणी काढायला डॉक्टर रुग्णाला कुशीवर निजवतात, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला लावतात. कमरेच्या दोन मणक्यांच्या फटीतून सुई आत जाते. ही पद्धत हाइनरिख क्विंके या जर्मन डॉक्टरांनी १८९१ मध्ये कील शहरात सुरू केली. मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो, म्हणून पाय लुळे पडण्याची भीती खरी नाही. पण आमच्या भागात ती भीती तापापेक्षा मोठी. "पाठीतला पानी काहाडला का मानूस लुला होते," असं म्हणत पोराला उचलून घरी नेणारे बाप मी पाहिले आहेत. मोठ्या माणसाच्या मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती हे पाणी जेमतेम दीडशे मिलिलिटर असतं आणि दिवसातून तीनेक वेळा सगळं नव्याने तयार होतं. आमच्याकडे येतात त्यातले काही थेंब, तीन बाटल्यांत वाटलेले. पहिली साखर आणि प्रोटीनसाठी, दुसरी जंतूंसाठी, तिसरी पेशी मोजायला. सुई टोचताना रक्त आलंच तर ते पहिल्या बाटलीत जास्त उतरतं, म्हणून मोजणी शेवटच्या बाटलीतून.

बाटली हातात आली की मी ती आधी खिडकीकडे धरायची. निरोगी पाणी इतकं स्वच्छ असतं की त्यापलीकडचं बारीक छापील अक्षर वाचता येतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ दिसलं की यंत्राकडे जाण्याआधीच डॉक्टरांना फोन करायचा. नंतर मोजणीचं चेंबर. घन मिलिमीटरमध्ये पाचपर्यंत पांढऱ्या पेशी चालतात. जीवाणूंच्या मेंदूज्वरात त्या शेकड्यांनी, हजारांनी असतात आणि बहुतेक पॉलिमॉर्फ जातीच्या. क्षयाच्या किंवा विषाणूच्या आजारात लिम्फोसाइट या दुसऱ्या जातीच्या पेशी जास्त. हे मोजायला उशीर चालत नाही, कारण पॉलिमॉर्फ तासाभरातच फुटून नाहीसे होऊ लागतात. दुपारी काढलेलं पाणी संध्याकाळी मोजलं तर आकडा खराच येईल, पण तो संध्याकाळचा आकडा. मुलाचा आजार मात्र दुपारच्या पाण्यात होता.

साखरही एकटी वाचायची नाही. त्याच वेळी काढलेल्या रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश ती असावी लागते. रक्ताचा नमुना सोबत आला नसेल तर पाण्याचा आकडा अर्धवट राहतो. साखर उतरलेली आणि प्रोटीन चढलेलं दिसलं, की जंतू डोळ्याला पडो न पडो, आत काहीतरी धुमसतं आहे असं समजायचं. धूर दिसला म्हणजे विस्तव आहे, ही जी जुनी तर्काची शिकवण, तिचा रोजचा उपयोग मी इथे केला.

आणि मग जंतू रंगवून पाहायचा ग्रॅम स्टेन, क्रिस्टल व्हायोलेटपासून सॅफ्रॅनिनपर्यंत सगळा. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांची १८८४ मधली ही पद्धत आजही पंधरा मिनिटांत जे सांगते ते महागडं यंत्र तासाभरात सांगतं. जांभळ्या जोडगोळ्या दिसल्या तर न्यूमोकोकस, पेशींच्या पोटात गुलाबी जोड्या दिसल्या तर मेनिंगोकोकस. नाव कळलं की औषध नेमकं होतं, आणि मेनिंगोकोकस असेल तर घरातल्या इतरांनाही प्रतिबंधक गोळ्या देता येतात.

पण या नजरेलाही मर्यादा आहे, आणि ती मोजलेली आहे. एका मिलिलिटरमध्ये जंतू हजाराच्या आत असतील तर चारांतल्या जेमतेम एका रुग्णाच्या स्लाईडवर ते दिसतात. लाखाच्या वर गेले तर जवळजवळ प्रत्येकाच्या. म्हणजे स्लाईड रिकामी असली तरी पाण्यात हजारभर जंतू निवांत असू शकतात. त्यात मूल आमच्याकडे पोचायच्या आधी गावात कुठेतरी त्याला इंजेक्शन मिळालेलं असतं. योग्य अँटिबायोटिक शिरेतून गेलं की मेनिंगोकोकस दोनेक तासांत आणि न्यूमोकोकस चारेक तासांत कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, उगवेनासा होऊ शकतो. त्या इंजेक्शनने कदाचित मुलाचा जीव वाचवलेला असतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. डॉक्टरांनीही रिपोर्टची वाट पाहू नये, शंका आली की औषध सुरू करावं, हेच बरोबर. फक्त त्यानंतर आमच्या अगरच्या ताटलीवर काही उगवलं नाही, तर त्या कोऱ्या ताटलीचा अर्थ बदललेला असतो. तो बदल रिपोर्टच्या कागदावर कुठेच लिहिलेला नसतो.

नमुना जपण्याचेही दोन उलटे नियम आहेत. जीवाणूंच्या कल्चरसाठीचं पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, मेनिंगोकोकससारखे नाजूक जंतू थंडीने मरतात. विषाणूच्या तपासणीसाठी पुण्याला जाणारं पाणी मात्र बर्फातच गेलं पाहिजे. एकाच मुलाच्या पाठीतून एकाच सुईने आलेले थेंब, अर्धे उबेत आणि अर्धे बर्फात. नव्या माणसाने हे उलटं केलं तर दोन्हीकडून उत्तर येईल: काही आढळले नाही. आणि ते उत्तर खरंही असेल.

विहारात एक निवृत्त प्राध्यापक पाली आणि बौद्ध न्याय शिकवायला येत. त्यांनी एकदा जमिनीवरच्या घड्याचा जुना वाद समजावला. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे मला कशाने कळलं? कुमारिल भट्टांच्या मीमांसेने यासाठी वेगळं प्रमाणच मानलं, अनुपलब्धी. नैयायिकांना ते वेगळं मानायची गरज वाटली नाही. वेदान्त्यांनी मात्र त्याला एक अट घट्ट बांधली: अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. घडा तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. मी मागच्या रांगेत बसले होते, आणि एवढं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. नोकरीभर मला जे सांगायचं होतं आणि ज्याला माझ्याकडे शब्द नव्हते, ते शेकडो वर्षांपूर्वी या देशात कुणीतरी मांडून, भांडून, नीट करून ठेवलं होतं.

पुढे त्यांनी धर्मकीर्तीचा न्यायबिंदू लावला. सातव्या शतकातला हा बौद्ध आचार्य. पुस्तक लहान, तीन परिच्छेदांचं, एकेक सूत्र टाचणीच्या टोकाएवढं. धर्मकीर्ती म्हणतो, दिसण्याजोगी वस्तू दिसली नाही तरच तिचा अभाव सिद्ध होतो. जी वस्तू देशाने, काळाने किंवा स्वभावानेच आपल्यापासून दूर आहे, ती न दिसण्याने एकच गोष्ट हाती येते, संशय. याच्याच जोडीला त्याचं आणखी एक सांगणं आहे. कार्य दिसलं तर कारण असतं, पण कार्य दिसलं नाही म्हणून कारण नाही असं ठरत नाही. धुरावरून विस्तव कळतो. धूर नाही म्हणून विस्तव नाही असं म्हणू नये, निखारे धुराविनाही असतात.

धर्मकीर्तीचे हे तीन दुरावे मी माझ्या बाटलीला लावून पाहिले आणि तिन्ही बसले. रोग मेंदूच्या गाभ्यात आणि मी पाहते आहे कमरेतून निघालेलं पाणी, हा देशाचा दुरावा. आजार कालचा आणि माझा नमुना आजचा, किंवा औषध आधी आणि सुई नंतर, हा काळाचा. आणि विषाणू तर स्वभावानेच माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या पलीकडचा. तिन्ही ठिकाणी मला प्रामाणिकपणे म्हणता येईल असा शब्द संशय हाच.

आमच्या भागाने या न दिसण्याची किंमत मुलांच्या जिवाने मोजली आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी तापाच्या साथीत पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने दोन तापकऱ्यांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला. त्याला गावाचंच नाव मिळालं. रेबीजच्या विषाणूच्या कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. नाव पडलं आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तो फारसा कुणाच्या हिशेबात नव्हता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूच्या आजाराची मोठी साथ आली, ३२९ मुलं आजारी आणि १८३ मृत्यू, तेव्हा चांदीपुरा किती मारक आहे ते उघड झालं. त्या वर्षी महाराष्ट्रातही मुलं दगावली. २००७ च्या पावसाळ्यात साथ पुन्हा आमच्या नागपूर विभागात आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ७८ आजारी मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांत, म्हणजे ३९ मुलांत, चांदीपुरा सापडला. त्या आजारी मुलांतली शेकडा चाळीसहून जास्त गेली.

हा आजार धानाच्या रोवणीच्या दिवसांत येतो. सॅण्डफ्लाय नावाची डासाहून बारीक माशी, मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत राहणारी, ती तो पसरवते. सकाळी खेळणारं पोर दुपारी तापतं, संध्याकाळी आकडी येते, आणि पुष्कळदा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सगळं संपतं. आईबाप चिखलाच्या पायांनी धावत आलेले असतात. आणि त्याचं मणक्यातलं पाणी? बहुतेक वेळा स्वच्छ. पेशी नाहीत किंवा दोन-चार. साखर ठीक, प्रोटीन ठीक. चेंबरचे चौकोन एकामागून एक रिकामे. मूल पलीकडच्या खोलीत मरतं आहे आणि माझ्यासमोरचा प्रत्येक आकडा निरोगी आहे.

अशाच एका रिपोर्टनंतर एका आईने मला व्हरांड्यात विचारलं, "बाई, पानी साफ होता म्हनता, मंग माहा लेकरू गेला कसा?" तिचा प्रश्न तर्काच्या दृष्टीने बिनचूक होता. रिपोर्ट म्हणतो काही नाही आणि लेकरू तर गेलं, म्हणजे दोहोंतलं एक खोटं असलं पाहिजे. मी तिला सांगितलं की आमच्या नजरेत येत नाही असं काहीतरी त्याच्या मेंदूत होतं, ते शोधायला पाणी पुण्याला पाठवलं आहे. तिने मान हलवली. तिच्या दिराने मात्र तोवर आपलं उत्तर काढलं होतं: रिपोर्टमध्ये निघालं नाही, म्हणजे बाहेरचं होतं.

या वाक्याशी मी नोकरीभर भांडत आले आहे. गावात मांत्रिक पहिल्या दिवशी येतो तो भीतीच्या पायाने. दुसऱ्यांदा येतो तो आमच्या रिपोर्टचा हात धरून. यंत्राला सापडलं नाही म्हणजे शरीरात नाही, शरीरात नाही म्हणजे करणी आहे. दोन पावलांत माणूस दवाखान्यातून देवऋष्याच्या ओट्यावर पोचतो, आणि यातलं पहिलं पाऊल शिकलेली माणसं रोज टाकतात. म्हणून मला वाटतं की अंधश्रद्धेवर बोलताना आपण नेहमी दुसऱ्याच पावलावर तुटून पडतो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तो हवाच होता. पण पहिलं पाऊल कायद्याने थांबणार नाही. ते रिपोर्ट लिहिणाऱ्याने आणि वाचून दाखवणाऱ्याने थांबवायचं आहे.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल बोललं पाहिजे. ते पवनीतले विडी कामगार. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तो पराभव वडील मरेपर्यंत विसरले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दिवशी, वडील नागपूरला दीक्षाभूमीवर होते. घरातल्या देव्हाऱ्याची जागा त्यांनी परत आल्याच दिवशी मोकळी केली. शेजारचे वारकरी काका ओट्यावर बसत आणि दोघांचा वाद रंगे. वडिलांचा हुकमी एक्का ठरलेला होता, "दाखव तुझा देव. दिसत नाही ते नाही." लहानपणी मला तो विजय वाटायचा.

मी आजही कुठल्या देवाला हात जोडत नाही. वडील जिथे पोचले तिथेच मी आहे. पण त्यांचा तो पुरावा मला आता वापरता येत नाही, आणि हे मी त्यांच्यावरच्या सगळ्या प्रेमानिशी लिहिते आहे. धर्मकीर्तीही ईश्वर मानत नव्हता. तरी दिसत नाही म्हणून नाही, असा सोपा वार त्याने केला नाही. जो स्वभावाने अदृश्यच म्हणून सांगितला जातो, त्याच्या न दिसण्याने काय सिद्ध होणार? त्याने वेगळी हरकत घेतली. नित्य आणि कधीही न बदलणारं कारण कधी कार्य घडवतं आणि कधी नाही, हे कसं? बदल नाही तर कार्याला सुरुवात कशी? ही हरकत ईश्वराच्या कल्पनेच्या आत शिरून तिला प्रश्न विचारते. तिला उत्तर द्यायचं तर समोरच्यालाही विचार करावा लागतो. वडिलांच्या प्रश्नावर काका नुसते हसत, आणि त्यांच्या हसण्यातही थोडं तथ्य होतं असं मला आता वाटतं.

आमचं पवनीच पाहा. गावाजवळ जगन्नाथ टेकडी आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक ती चढत आले, त्यांना टेकडी आणि देऊळ दिसलं. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभागाने शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे खोदलं, तेव्हा आतून स्तूप निघाला, मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा. माझी आजी त्या टेकडीच्या पायथ्याशी गोवऱ्या वेचायची. तिला स्तूप दिसला नाही म्हणून तो नव्हता असं कोण म्हणेल? आणि याच्या उलट, खोदण्याआधीच कुणी छातीठोक म्हणालं असतं की आत स्तूप आहेच, तर तेही मी मानलं नसतं. प्रत्येक टेकडीत स्तूप नसतो. मांत्रिक नेमकी हीच चूक करतो. दिसत नाही, या रिकाम्या जागेत तो आपल्या मर्जीची वस्तू नेऊन ठेवतो. संशयाची जागा रिकामीच ठेवणं फार कठीण आहे. माणसाला ती भरून टाकावीशी वाटते, होयने तरी किंवा नाहीने तरी.

विहारात कुणी फार प्रश्न विचारू लागलं की ज्येष्ठ मंडळी मज्झिम निकायातल्या चूळमालुंक्य सुत्ताची आठवण देतात. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण कोणी मारला, धनुष्य कशाचं, पीस कुठल्या पक्ष्याचं हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, आणि मरतो. प्रश्न बंद करा आणि साधना करा, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मला तो पटत नाही. बुद्धांनी नाकारले ते बाण काढायला काहीच मदत न करणारे प्रश्न. जग शाश्वत आहे की अशाश्वत, हा त्यातला एक. विष कुठलं, हा प्रश्न मात्र वैद्याला विचारावाच लागतो. मेंदूज्वराच्या मुलाला डॉक्टर आधी सेफ्ट्रिअक्झोन हे अँटिबायोटिक देतात, झटके थांबवतात, श्वास सांभाळतात. बाण काढायला सुरुवात झालेली असते, आणि त्याच वेळी आम्ही विष कुठलं ते शोधत असतो. संशय आहे म्हणून हात बांधून बसायचं नाही, आणि औषध सुरू केलं म्हणून संशय संपला असंही समजायचं नाही. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणारे डॉक्टर मी पाहिले, आणि माझ्या लेखी तीच त्यांची साधना होती.

क्षयाच्या मेंदूज्वरात तर हे महिनोन्‌महिने सांभाळावं लागतं. पाण्यात क्षयजंतू इतके थोडे असतात की अर्धा-अर्धा तास एकाच स्लाईडवर डोळे लावूनही हाती काही येत नाही. बाटली रात्रभर न हलवता ठेवली तर कधीकधी सकाळी तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरलेली दिसते, आणि ती साय उचलून रंगवली तर जंतू मिळण्याची शक्यता वाढते. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये या निदानावर पुष्कळ वर्षं काम झालं, पाण्यातलं अडेनोसिन डिअमिनेज नावाचं एन्झाइम मोजण्यावर आणि जंतूंचे अंश शोधण्यावर. आता जीनएक्स्पर्ट ही तपासणी आहे, त्याचा अल्ट्रा प्रकार जुन्याहून तल्लख आहे. तरीही त्याचं नाही हे क्षय नाकारायला पुरत नाही. आमच्याकडे आलेली एक नवी नवरी आठवते, बरेच दिवसांचा ताप, उलट्या, मग बरळणं. लिम्फोसाइट वाढलेले, साखर उतरलेली, प्रोटीन भरपूर, आणि जंतूची प्रत्येक तपासणी कोरी. डॉक्टरांनी धुरावर भरवसा ठेवून क्षयाची औषधं सुरू केली आणि वर्षभर चालवली. ती बरी झाली. जंतू शेवटपर्यंत कुणाला दिसला नाही.

याच कामात मी एक आश्चर्यही पाहिलं. एचआयव्हीच्या रुग्णांत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणात शिरते. ती शोधायला पाण्याच्या थेंबात इंडिया इंक मिसळतात. सगळं क्षेत्र काळं होतं, आणि त्या काळ्यात गोल उजळ वलयं दिसतात. बुरशीभोवती जाड कवच असतं, शाईचे कण त्यात शिरू शकत नाहीत. म्हणजे मी पाहते ते कवच नव्हेच. तिथे शाई नाही, हे मी पाहते, आणि त्या नसण्यावरून कवच ओळखते. इथे माझं नाही हे खात्रीचं ज्ञान आहे, कारण शाई सगळीकडे पोचायलाच हवी होती. योग्य अनुपलब्धीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. प्राध्यापकांना हे सांगितलं तेव्हा ते एकदा माझ्या जुन्या प्रयोगशाळेत येऊन आयपीसला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले.

२००७ च्या त्या ७८ मुलांतल्या उरलेल्या निम्म्या मुलांचा विचार मात्र मला सोडत नाही. त्यांच्यात चांदीपुरा सापडला नाही. मग काय होतं? आमचा धानाचा मुलूख, बांध्यांत पाणी, बगळे, डास, म्हणून जपानी मेंदूज्वराची शंका पहिली येते. स्क्रब टायफसही आहे, २०१८ मध्ये विदर्भाने तो पाहिला. तरी देशभरात अशा आजारात पुष्कळ मुलांचं कारण शेवटपर्यंत अनोळखी राहतं. त्यांच्या आईबापांना आपण काय द्यायचं? खोटं नाव नाही. दैव, कर्म, मागल्या जन्मीचं पाप, हे तर नाहीच. मेलेल्या लेकराच्या आईच्या पदरात पाप घालणाऱ्या धर्माशी मला काही देणंघेणं नाही. शोध अजून चालू आहे, तुमच्या लेकराच्या पाण्याचे थेंब जपून ठेवले आहेत, आणि कारण कळलेलं नसलं तरी त्यात तुमचा दोष नाही, एवढं देता येतं. १९६५ मधल्या त्या दोन तापकऱ्यांच्या रक्तातला विषाणू पुण्यात जपून ठेवला होता, ओळखून ठेवला होता, म्हणून २००३ मध्ये मुलांच्या नमुन्यांत तो ओळखता आला. ज्यांचा रिपोर्ट उशिरा येतो, मूल गेल्यावर येतो, त्यांनाही तो द्यावा, बोलावून, बसवून, समजावून द्यावा असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. त्या दिरासारख्या माणसाच्या वाक्याला उत्तर तेवढ्यानेच मिळतं.

आता लॅब टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या मुली कधी घरी येतात. त्यांना मी सांगते, सीएसएफच्या रिपोर्टवर जंतू आढळले नाहीत एवढंच लिहून सही करू नका. पाणी किती मिलिलिटर मिळालं, सुई आणि मोजणी यांत किती वेळ गेला, आधी अँटिबायोटिक दिलं होतं का, रक्ताची साखर सोबत आली का, हे खाली लिहा. नमुना अपुरा असेल तर अपुरा लिहा. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की खोलीत उजेड किती होता. मुली म्हणतात, मॅडम, फॉर्मवर एवढी जागाच नसते, आणि डॉक्टर तरी कुठे वाचतात एवढं. मी म्हणते, मागच्या बाजूला लिहा, आणि वाचत नसतील तर फोन करून सांगा.